जर्मनच्या पत्र्यावरचं लंडन

वास्तुशांत आटोपली की दुसऱ्या दिवशी सकाळी भेटवस्तूंची मोजदाद होते. आमच्या वाट्याला अकरा गणपती, चार भिंतीवरची घड्याळं, तीन काचेचे सेट आणि मान हलवणारा एक मोर आला. अकरांपैकी दोन गणपती पूर्वी आम्हीच लोकांना दिलेले होते; मधल्या काळात बरंच पुणं पाहून ते स्वगृही परतले. ही सगळी मंडळी ओळखीची. त्यामुळे कोणाला शोकेसमध्ये बसवायचं, कोणाला माळ्यावर धाडायचं आणि कोणाला पुढच्या मुंजीत बाहेर काढायचं, याचा निवाडा बायकोने अर्ध्या तासात केला. उरलं एक चपटं पार्सल. दोन फूट बाय तीन फूट, वजनाला हलकं आणि चहूबाजूंनी फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. ते फुगे फोडायला घरातली तीन लहान मुलं आणि मी असे चौघे टपून बसलो होतो.

पार्सल माझ्या भाच्याने आणलं होतं. तो लंडनला असतो. तिथे तो नेमकं काय करतो हे त्याने मला तीनदा समजावून सांगितलंय, त्यामुळे चौथ्यांदा विचारायची सोय उरलेली नाही. "मामा, हे वेगळं आहे हं," तो म्हणाला. "गणपती काय, सगळेच देतात." अकरा गणपतींच्या समोर बसून हे वाक्य बोलायला धैर्य लागतं.

उघडलं. आत पत्रा निघाला.

'पत्रा' हा शब्द माझा नव्हे, आत्याचा. आत्या नाशिकची. तिच्या आवाजामुळे आम्ही तिला घरात 'नारोशंकराची घंटा' म्हणतो; अर्थात ती नाशिकला असते तेव्हाच. तिने पत्रा हातात घेतला, बोटाने दोनदा वाजवला, कानाशी नेला आणि निकाल दिला, "जर्मन आहे."

"नाही आजी, लंडनचं आहे," भाचा म्हणाला.

दोघंही बरोबर होते. आपल्याकडे अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनची परात. तांब्यापितळेला कल्हई लागते, स्टीलला मान लागतो, जर्मनला काहीच लागत नाही. म्हणून ते बिचारं चहाला, दुधाला आणि भाड्याच्या खोलीला. त्यामुळे सातासमुद्रापलीकडून कोणी जर्मन भेट आणतो, हेच आत्याला पटेना. "आणि ह्याला काठ कुठेत? बूड कुठंय?" तिने विचारलं.

त्याला काठ नव्हते, कारण ते चित्र होतं. करड्या-काळ्या बारीक रेषांचं, जुन्या छापाचं. लांबच लांब दगडी चर्च, दोन्ही बाजूंना कमानींच्या खिडक्यांची रांग आणि मधोमध आभाळात घुसलेला सुईसारखा टोकदार कळस.

"हे सेंट पॉल्स," भाचा म्हणाला. "माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे. रोज दिसतं." आणि मग चित्राकडे नीट बघून तो गप्प झाला. पुढे जाऊन बघितलं, मागे जाऊन बघितलं. "मामा," तो हळूच म्हणाला, "ह्याला घुमट असतो."

"दुरुस्तीला काढला असेल," बायको म्हणाली. नवीन इमारतीत राहायला आल्यापासून तिचा सगळ्याच बांधकामांकडे बघण्याचा दृष्टिकोन बदललाय.

खुलासा असा की सेंट पॉल्स हे नाव टाइप करून जे पहिलं चित्र आलं ते त्याने मागवलं होतं. रोज जाता-येता तो ज्या चर्चचा घुमट बघतो ते ख्रिस्तोफर रेनने बांधलेलं, १६७५ ते १७१० या काळातलं, ३६५ फूट उंच. चित्रातलं चर्च त्याच जागेवरचं, पण त्याच्या आधीचं. ते १६६६ च्या आगीत जळून गेलं. थोडक्यात, आमच्या वास्तुशांतीला भाच्याने एका जळालेल्या वास्तूचं चित्र आणलं होतं. हे मी आत्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

चूक झाकायला तरुण माणसं तंत्रज्ञानाचा आधार घेतात. भाचाही घुमटावरून घाईघाईने पत्र्याकडे वळला. हे चित्र पत्र्यावर रंगवलेलं नाही आणि चिकटवलेलंही नाही, असं त्याने बजावलं. आधी ते एका खास कागदावर उलटं छापतात, आरशात दिसतं तसं. मग तो कागद लेप दिलेल्या अॅल्युमिनियमवर पालथा घालून सुमारे २०० अंश सेल्सिअसला मिनिट-दीड मिनिट दाबून धरतात. उष्णतेने शाई वितळत नाही, तिची थेट वाफ होते. ती वाफ लेपाच्या आत शिरते आणि तिथेच मुरते. पुसा, धुवा, काही होत नाही.

"म्हणजे कापूर," आत्या म्हणाली.

भाच्याने तोंड उघडलं आणि मिटलं. कारण ते शंभर टक्के बरोबर होतं. स्थायूचं द्रव न होता एकदम वायूत रूपांतर होणं म्हणजे संप्लवन, आणि उदाहरण कापूर, हे मीही शाळेत दोन गुणांसाठी पाठ केलं होतं. त्या दोन गुणांचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग होत होता, तर उत्तर आत्याने देऊन टाकलं होतं. रोज संध्याकाळी आपण ज्या तत्त्वावर आरती करतो त्याच तत्त्वावर लंडनला चित्रं छापतात, हे कळल्यावर त्या पत्र्याबद्दल तिचं मत जरा बरं झालं. तिने त्याला निरांजनाच्या वाटेतून उचलून सोफ्यावर ठेवलं.

आता टांगायचं. हे वाक्य लिहायला सोपं आहे.

आमच्या जुन्या वाड्यात भिंतीत खिळा ठोकला की भिंत पडायची. नव्या इमारतीत भिंतीत खिळा ठोकला की खिळा पडतो. सगळ्या भिंती काँक्रीटच्या, साच्यात ओतलेल्या. सुताराने पहिल्या दिवशी येऊन भिंत बघितली, दुसऱ्या दिवशी येऊन चहा घेतला, तिसऱ्या दिवशी ड्रिल आणलं तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. पुण्यात दुपारी एक ते चार भिंतीला भोक पाडणं ही फौजदारी बाब नाही, पण खालच्या मजल्यावरचे काका ती व्हावी या मताचे आहेत. पहिल्या घरघरीलाच ते वर आले. बनियनवर. भोक पाव इंच झालं होतं. सुतार म्हणाला, "साहेब, अर्धं भोक ठेवून जाता येत नाही." काका म्हणाले, "अर्धी झोप टाकून मला येता आलं." शेवटी चारला उरलेलं भोक पडलं. त्यात दोन टोकं तुटली आणि त्यांचे पैसे सुताराने वेगळे लावले.

चित्र लागलं. मागे छोटी चौकट असल्यामुळे ते भिंतीपासून अर्धा इंच सुटं राहतं, जणू तरंगतं. काका आतापर्यंत थांबलेच होते. त्यांनी चष्मा वर-खाली करून बघितलं. "चर्च? दिवाणखान्यात?" त्यांनी विचारलं, आणि त्या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न उभा होता.

त्याला उत्तर आत्याने दिलं. नारोशंकराच्या घंटेने नारोशंकराच्या घंटेचीच गोष्ट सांगितली. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळादेवळांत लागल्या. एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. आणि एक नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळावर. "पूर आला की आम्ही ती घंटा आणि दुतोंड्या मारुती बघतो," आत्या म्हणाली. "आमच्या देवळाला चर्चची घंटा पावणेतीनशे वर्षं चालते, आणि तुमच्या डोक्यावरच्या मजल्यावर चर्चचा पत्रा चालत नाही?" काका म्हणाले, "तसं नाही, मी आपलं भोकाबद्दल म्हणत होतो," आणि झोपायला गेले.

पत्र्याच्या चित्राचा खरा स्वभाव संध्याकाळी कळतो. छापाच्या चित्रात जिथे कागद पांढरा असतो, तिथे या चित्रात शाईच नाही. तिथे नुसती धातू चमकते. सकाळी उन्हाची तिरीप आली की लंडनचं आभाळ असं लखलखतं, की लंडनकरांनी जन्मात पाहिलं नसेल. रात्री दिवे लागले की ट्यूबलाइट चर्चच्या छपरावर आडवी पडते. आणि टीव्ही लावला की मालिकेतल्या सगळ्या सुना, सासवा आणि त्यांच्या नथी चर्चच्या दारातून आत-बाहेर करतात. एकदा रात्री नऊला बातम्यांवरची चर्चा लागली होती. सहा माणसं सहा चौकटींतून एकाच वेळी ओरडत होती आणि ते सगळं भांडण सेंट पॉल्सच्या पोटात चाललंय असं दिसत होतं. मला फार अपराधी वाटलं. एवढी पवित्र जागा.

म्हणून मी त्या जागेबद्दल वाचायला घेतलं आणि अपराधीपणा पार गेला. सोळाव्या-सतराव्या शतकात त्या चर्चचा मधला दालनवजा रस्ता म्हणजे लंडनची मंडई होती. त्याला 'पॉल्स वॉक' असं नावच पडलं होतं. तिथे वकील अशिलांना भेटत, गडी नोकरी शोधत, हमाल डोक्यावर ओझी घेऊन एका दाराने शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडत, कारण ती जवळची वाट होती. गावभरच्या बातम्या आधी तिथे पिकत आणि मग बाहेर विकल्या जात. पुढे यादवी युद्धाच्या धामधुमीत तर तिथे घोडदळाचे घोडे बांधले. तेव्हा आमच्या टीव्हीतल्या सहा माणसांनी तिथे गलका केला तर ती परंपराच झाली. आता बातम्यांच्या वेळी मी टीव्हीकडे पाठ करून चित्रात बघतो. आवाज तोच असतो, पण पार्श्वभूमी भारदस्त वाटते.

एकदा वाचायला लागल्यावर चित्र काढणाराही सापडला. वेन्सेस्लाउस होलार. जन्म प्रागचा, १६०७ चा; मरण लंडनचं, १६७७ चं. म्हणजे हिशेब असा: चर्च लंडनचं, चित्रकार प्रागचा, पत्रा जर्मन आणि भिंत कोथरूडची.

होलारने आयुष्यात सुमारे २,७०० चित्रं तांब्यावर उतरवली. पद्धत अशी: तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणाचा पातळ लेप द्यायचा, त्यावर सुईने चित्र ओरखडायचं आणि पत्र्याला तेजाब दाखवायचं. जिथून मेण निघालंय तिथे तेजाब तांबं खातं आणि रेघेची खाच होते. मग मेण काढायचं, खाचांत शाई भरायची, वरची शाई पुसून टाकायची आणि ओलसर कागद वर ठेवून पत्रा दोन रुळांमधून काढायचा, रसवंतीत ऊस काढतात तसा. रस कागदावर उतरतो. चित्र सुलटं यायला हवं तर तांब्यावर ते उलटं काढावं लागतं. आमच्या पत्र्यासाठीही ते पुन्हा एकदा उलटं छापलं गेलं. तीनशे साठ वर्षांत माणसाने बरीच प्रगती केली, पण सरळ दिसायचं तर आधी उलटं व्हावं लागतं, त्याला अजून तोड निघालेली नाही. तांब्यावर जन्मलेलं, कागदावर वाढलेलं ते चित्र उतारवयात पुन्हा पत्र्यावर आलं आणि आमच्याकडे राहायला लागलं.

होलारचा मजुरीचा दर, सांगतात, तासाला चार पेनी. तास मोजायला जवळ वाळूचं घड्याळ. आणि कोणी मध्ये बोलायला आलं, काम थांबलं, की तो ते घड्याळ आडवं करून ठेवी, म्हणजे वाळू थांबे आणि गप्पांचे पैसे गिऱ्हाइकाला पडत नसत. हे वाचल्यावर मी आमच्या सुताराला आठवून बराच वेळ स्वस्थ बसलो. ज्याने दुसऱ्या दिवशीच्या चहाचा वेळ 'अर्धा दिवस' म्हणून लावला, त्याला ही गोष्ट सांगून उपयोग नव्हता. होलारची अखेर मात्र प्रामाणिकपणाला साजेशी झाली. तो मरायला टेकलेला असताना कर्जवसुलीचे शिपाई सामान उचलायला आले, आणि निदान बिछान्यावर तरी मरू द्या, अशी त्याने त्यांना विनंती केली, असं सांगतात.

पण मला खरी गंमत वाटली ती कळसाची. चर्चचा तो उंच लाकडी मनोरा, वर शिशाचं आवरण असलेला, ४ जून १५६१ ला वीज पडून जळाला. त्याची उंची ४८९ फूट धरतात. आमच्यासारख्या अकरा मजली इमारती एकावर एक चार. छप्पर पुन्हा घातलं, पण कळस पुन्हा कधी उभा राहिला नाही. होलारचा जन्म १६०७ चा. म्हणजे त्याने हा कळस डोळ्यांनी कधीच पाहिला नव्हता. तरी विल्यम डगडेलच्या १६५८ च्या सेंट पॉल्सवरच्या ग्रंथासाठी त्याने तो काढला, आणि चित्रातच लॅटिनमध्ये कबुली दिली की आकाशातली वीज लागून कळस जळण्यापूर्वीचं हे दृश्य आहे.

ही कबुली वाचून मी कपाटातून आमच्या पुनर्विकासाचं माहितीपत्रक काढलं. त्यात इमारतीसमोर गुलमोहर आहेत, पोहण्याचा तलाव आहे, आणि तलावाकाठी एक गोरी बाई सायकल घेऊन उभी आहे. आज तिथे पार्किंग आहे आणि पाण्याचा टँकर उभा असतो. होलारने जे होतं आणि गेलं ते काढलं. आमच्या बिल्डरने जे नव्हतं आणि येणारही नव्हतं ते काढलं. शिवाय होलारने तसं स्पष्ट लिहिलं. आमच्या पत्रकातही लिहिलंय म्हणा. 'चित्रकाराची कल्पना' असं, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात, त्या बाईच्या सायकलच्या चाकाखाली.

चित्र लागून तीन आठवडे झाले आणि दुर्घटना झाली. पुसा, धुवा, काही होत नाही, हे भाच्याचं वाक्य आमच्या कामवाल्या मावशींनी ऐकलं होतं. वर पत्रा जर्मनचा, आत्याच्याच तोंडून सिद्ध झालेला. जर्मन कशाने घासतात हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. मी बाजारातून आलो तेव्हा मावशी स्टुलावर उभ्या होत्या, एका हातात भांड्यांची पावडर, दुसऱ्या हातात तारेची घासणी, आणि त्या लंडनच्या पश्चिमेकडून सुरुवात करून कळसापर्यंत पोहोचल्या होत्या. "डाग निघंना," त्या म्हणाल्या. ज्याला त्या डाग म्हणत होत्या ते ढग होते.

मी ओरडलो. मावशी दचकल्या. घासणी निसटली, आणि आभाळाच्या वरच्या कोपऱ्यातून नागमोडी वळण घेत कळसाच्या टोकापर्यंत एक पांढरी चकचकीत रेघ उमटली.

घरात शांतता पसरली. बायको आली, आत्या आली. भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याने रेघ बघितली आणि त्याचा चेहरा अकरा गणपतींच्या बाजूने झुकला. मी मात्र बघतच राहिलो. आभाळातून निघून कळसाला लागलेली पांढरी, तुटक, लखलखीत रेघ. ४ जून १५६१. होलारला जे पाहायला मिळालं नाही, डगडेलला जे छापता आलं नाही, ते मावशींनी तारेच्या घासणीने एका फटक्यात काढलं होतं. तेही आम्लाशिवाय. नुसत्या हत्याराने ओरखडून केलेल्या कामाला कोरीवकाम म्हणतात, आणि तेजाबाने केलेल्याला आम्लरेखन. तेव्हा काटेकोरपणे बोलायचं तर त्या चित्रातलं हाताने थेट धातूवर कोरलेलं काम तेवढं एकट्या मावशींचंच आहे.

"वीज पडली म्हणायची," मी म्हणालो आणि सगळ्यांना कळसाची गोष्ट सांगितली. मावशींनी पदर सारखा केला. "मग बराबरच झालं की," त्या म्हणाल्या. "पण आता पुढचं नाही हं घासणार."

पुढचं म्हणजे आग. ती नको होतीच.

आत्याची नाशिकला परतायची तारीख ठरली आणि तिला आठवण झाली. "ह्यावर नाव कुठंय?"

आमच्या घराण्यात नाव नसलेली धातूची वस्तू नाही. चमच्यावर आद्याक्षरं, वाटीवर नाव, तांब्यावर नाव आणि गाव, आणि पिंपावर अख्खा इतिहास: कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी, कोणत्या मितीला आणि कोणाच्या स्मरणार्थ. आजोबांच्या घंगाळावर तर देणाऱ्याचं नाव इतकं लांब आहे की ते वाचायला घंगाळाला एक प्रदक्षिणा घालावी लागते. मी आत्याला म्हटलं, अगं, हे चित्र आहे, चित्रावर नाव घालत नाहीत. विलायतेत तर नाहीच.

ती म्हणाली, "मग खाली हे काय लिहिलंय?"

मी चष्मा काढून भिंग घेतलं. चित्रात एक ढाल होती, कुणा घराण्याचं चिन्ह कोरलेली, आणि तिच्याखाली लॅटिन मजकूर. शोधलं, आणि मान खाली घातली. डगडेलचा ग्रंथ मोठा, चित्रं पुष्कळ, खर्च अफाट. म्हणून चित्रांच्या पत्र्यांचा खर्च एकेका सद्गृहस्थाने उचलला, आणि बदल्यात त्या पत्र्यावर त्याचं चिन्ह आणि नाव कोरून दिलं. कोणाकडून, कशासाठी, कोणत्या भावनेने. म्हणजे सेंट पॉल्सवर आधीपासूनच 'सप्रेम भेट' होतं. आपल्या घंगाळात आणि त्यांच्या ग्रंथात फरक एवढाच, की त्यांचं लॅटिनमध्ये आहे.

आणि होलारने स्वतःचंही नाव घातलं. त्याच ग्रंथातल्या चर्चच्या आतल्या दालनाच्या चित्रावर त्याने लिहून ठेवलं की रोज पडेल पडेल म्हणतात अशा या चर्चची मी एका चाहत्याने अशी आठवण राखली. हे १६५८ मध्ये. आठ वर्षांनी, सप्टेंबर १६६६ मध्ये, लंडनची मोठी आग तिथवर पोहोचली. दुरुस्तीसाठी बांधलेल्या लाकडी परांच्या पेटल्या, छपराचं शिसं वितळून रस्त्यातून वाहिलं, सुरक्षित म्हणून तळघरात ठेवलेली पुस्तकविक्रेत्यांची पुस्तकंही जळाली. चर्च गेलं. आठवण राखली गेली. ते वाक्य वाचल्यावर मी आत्याशी वाद घालणं सोडून दिलं.

चित्र उतरवलं आणि आम्ही रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानात गेलो. वाटेत तांबट आळी लागावी म्हणून मी मुद्दाम कसब्यातून रिक्षा घातली. मठारकामाची ठकठक ऐकू आली. पुण्याला बारीक काम नवं नाही. याच पुण्याच्या गंगाराम तांबटाने अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रज वकील मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली. ती आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरून छापायची, हे नाना फडणवीसांच्या मनात होतं. नाना १८०० मध्ये गेले आणि ती गीता १८०५ मध्ये मिरजेला छापली गेली. मी हे आत्याला उत्साहाने सांगत होतो. ती म्हणाली, "मग नानांनी नाव घातलं होतं का त्यावर?"

दुकानातल्या माणसाने पत्रा उलटापालटा केला. "समोरून नाही घालता येणार," तो म्हणाला. "वरचा लेप उडेल. मागून घालू. जर्मन मऊ असतं, अक्षर छान उठतं." मग विजेवर चालणारं ते कुरकुरणारं पेन कानावर ठेवून त्याने विचारलं, "काय लिहू? अक्षराप्रमाणे पैसे."

होलार तासाप्रमाणे घेई, हा अक्षराप्रमाणे. आत्याने पर्समधून कागद काढला. कागदावर चौदा ओळी होत्या. मी अक्षरं मोजायला लागलो, बायको माझं पाकीट मोजायला लागली. शेवटी तडजोड होऊन चार ओळी राहिल्या: आमचं नाव, भाच्याचं नाव, वास्तुशांतीची मिती आणि 'सप्रेम भेट'. पाचवी ओळ मी माझ्या पैशांनी घातली: 'वीज: मावशींकडून'.

चित्र आता पुन्हा जागेवर आहे. समोर चर्च, कळस, वीज आणि रात्री नऊ ते दहा सहा माणसांचं भांडण. नाव मागे, भिंतीकडे तोंड करून, कोणालाही न दिसणारं. मी आत्याला विचारलं, मग उपयोग काय? ती गाडीत बसता बसता म्हणाली, "खिळा तुझ्या त्या सुताराने मारलाय ना? पडेल एक दिवस. पालथंच पडेल. तेव्हा नाव वर असलं म्हणजे झालं."